गुडघाभर पाण्यातली तहान

माझ्या धाकट्या जावेबद्दल, कुंताबाईबद्दल लिहायला बसलं की आधी राग येतो. थोडा तिचा, बराचसा दुसऱ्यांचा. राग निवला की लिहू म्हणत बरेच दिवस काढले, पण तो निवायचं नाव घेत नाही. म्हणून आता रागासकट लिहिते.

कुंती रोवण्याची बाई. आमचं गाव सानगडीच्या अंगाला, तलावाच्या पाळीखाली. इकडे धान नुसतं फेकून पेरत नाहीत. आधी परे टाकतात, म्हणजे धानाची रोपं. ती वीतभर झाली की उपटून त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, ओणवं होऊन एकेक रोवायची. बायांची टोळी मिळून अख्ख्या शेताचा गुत्ता, म्हणजे ठेका घेते. बाया एका रांगेत वाकतात, रोवत रोवत मागे सरकतात. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून किनारीला जी बाई असते ती टोळीची म्होरकी. तिचा हात जसा चालेल तशी रांग चालते. ती उभी राहिली की सगळ्या उभ्या राहतात. म्हणून ती उभीच राहत नाही. सकाळी वाकली की चहाला उठते, भाकरीला उठते, आणि दिवस बुडताना.

कुंती ऐन तरुणपणात किनारीला लागली ती आजतागायत. तिनं रोवलेली बांधी धुऱ्यावरून पाहिली तर दोरी धरून आखल्यासारखी दिसते. लग्नात कोणी तिचं कौतुक करताना "काय सुगरण आहे" म्हणत नाही, कारण ती भाजीत मीठ विसरते. "काय रांग आहे" म्हणतात. तेवढ्यावर ती जगते.

तिला शुगर निघून सहासात वर्षं झाली असतील. शुगर म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यातल्या सर्दीसारखी झाली आहे, घरटी एक. गोळी घ्यायची, चहात साखर घालायची नाही आणि दुसऱ्याच्या घरी दिली तर प्यायची. कुंतीनं तेवढंच पाळलं.

मागच्या वर्षी मृगाच्या आधी मी तिच्या ओसरीवर बसले होते. ती पाय पसरून तांदूळ निवडायला बसली होती. पाहिलं तर तिची जोडवी बोटात रुतलेली. पायाला बोट लावलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"हे काय वं?" मी विचारलं.

"चिखलानं फुगतात जी बाई. दरसाल फुगतात."

"अजून परे टाकायचे हायेत. चिखल कुठून आणला तू?"

तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मी तिथेच उठले, देवाजीला म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्या दिराला हाक मारली आणि दुसऱ्या दिवशी तिला साकोलीला घेऊन गेले. देवाजी आला नाही. तो आमच्या तलावाचा पाणकर आहे. तलावाच्या पाळीतून पाणी सोडायची जी मोरी असते तिला तुडूम म्हणतात, ते उघडायचं-बुजवायचं काम त्याचं. उन्हाळ्यात त्या तलावात म्हशी लोळतात, तरी तो म्हणाला, तुडूम सोडून कसा येऊ.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. रक्त घेतलं, लघवी तपासायला दिली. कागद आले तशी ती खुर्ची पुढे सरकवून बसली.

"मावशी, लघवीला फेस येतो का?"

"कोन पाह्यते बाई खाली वाकून," कुंती म्हणाली.

"किडनीतून प्रथिनं वाहून जात आहेत. शुगरनं किडनीची चाळण झिजते, तसं झालं आहे. दिवसभरात पाणी किती पिता?"

कुंतीनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "घरी आल्यावर पिते."

"घरी कधी येता?"

"रोवण्यात? दिवस बुडता."

"आणि तोपर्यंत?"

"तोंडात सुपारीचं खांड धरते."

डॉक्टरणीनं हातातला पेन खाली ठेवला. मी कुंतीकडे पाहत होते. मीही रोवणा केलेला आहे, बायका पाणी कमी पितात हे मला ठाऊक होतं. पण अजिबात नाही, हे ठाऊक नव्हतं.

"काहून नाही पीत वं?" मी विचारलं.

"शुगरनं सारखं जावं लागते. जाऊ कुठं? झाडोरा हाय का बांधीत? पलीकडच्या बांधीत चिखलवाला ट्रॅक्टर, इकडं मालक केशवराव मोटरसायकल घेऊन उभे. मी उठली का रांग मोडते. पानीच नाही पेली तं भानगडच नाही."

पहा. ज्या रोगानं घसा कोरडा पडतो त्या रोगात हिनं पाणी तोडलं, कारण त्याच रोगानं लघवीला लागते. एवढा हिशोब तिनं एकटीनं बसवला आणि कोणाला सांगितलाही नाही.

डॉक्टरणीनं अजून एक विचारलं. दुखण्याच्या गोळ्या घेता का. तर घेते म्हणाली. दुपारच्या चहासंगं एक, लई दुखलं तर दोन. शेतमालकच वाटतो. आमच्याकडे जो मालक चहासंगं कमरेची गोळी देतो तो चांगला, न देणारा चिक्कू. बाया तर दुखायच्या आधीच घेऊन टाकतात, म्हणजे दुखणं येतच नाही.

"शुगर, त्यावर ही गोळी आणि त्यावर पाण्याची तूट," डॉक्टरीण म्हणाली. "तिघं मिळून किडनी खात आहेत. अजून डायलिसिसची वेळ आलेली नाही. पण असेच एकदोन रोवणे काढलेत तर येईल."

डायलिसिस हा शब्द कुंतीला समजावून सांगावा लागला नाही. निर्मलाबाई तिच्या टोळीत दुसऱ्या किनारीला असायची. तिलाही शुगर होती. ती शेवटी भंडाऱ्याला मशीनवर रक्त धुवायला जायची, एसटीत खिडकीला डोकं टेकून. गेली. गावात सगळे म्हणाले, तिचं तेवढंच होतं. मीही मान हलवली होती. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. तिचं तेवढंच नव्हतं.

परतताना कुंती बसमध्ये एवढंच म्हणाली, "बाई, हे घरात ठेवा. म्होरकी बिमार हाय म्हटलं का गुत्ता आंधळगावकडच्या टोळीले जाईल."

त्याच आठवड्यात माझी नात उर्वशी नागपूरहून आली. ती औषधशास्त्र शिकते आणि एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. तिच्या आईला ते सांगायची लाज वाटते, ती लोकांना "दवाईचं काम" म्हणून सांगते. मी उर्वशीला ओसरीवर बसवलं. देवाजी आणि कुंतीही होते. म्हटलं, तुझी चुलत आजी मरून राहिली, समजावून सांग काय होते ते.

"आजी, रक्ताच्या नळीला आतून अस्तर असते," ती म्हणाली. "त्या अस्तरात एक एंझाइम असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवते. त्यानं नळी सैल होते, रक्त नीट धावते. किडनीत अशा बारीक नळ्यांची गुंतवळच असते."

"एंझाइम म्हणजे काय वं?"

"काम करणारं. दिवसभर काम करते, पण स्वतः खर्ची पडत नाही."

"म्हणजे सून," मी म्हटलं.

हर्षा, कुंतीची सून, आतून भांडी आपटत होती. तिनं एक भांडं जास्त जोरात आपटलं.

उर्वशी हसली नाही. ती शिकवायला लागली की हसत नाही. म्हणाली, शुगर झाली की पहिल्या पहिल्यांदा किडनीत रक्त जास्तच धावते, चाळणीवर दाब पडतो. मग हे चांगलं एंझाइम थकते. त्याला जो जोडीदार पदार्थ लागतो तो मिळेनासा होतो. आणि तरी ते थांबत नाही. वायू बनवायचा सोडून नळीला जाळणारं काही बनवायला लागते. वर त्याच जातीचं दुसरं एक एंझाइम असते, ते एरवी झोपलेलं, जंतूबिंतू आले तरच उठायचं. ते शुगरमध्ये उगाच उठून बसते आणि ढीगभर वायू ओतते. एकीकडे दुष्काळ, एकीकडे पूर. त्यात चाळण फाटते.

देवाजी पुढे सरकला. "म्हणजे पाणकरच झाला तो," तो म्हणाला. "आधी तुडूम सताड उघडं टाकलं, पाट फुटला. मंग बुजवून बसला, धान वाळलं."

"असंच काही," उर्वशी म्हणाली.

"अन् बिना जेवणाचा राबवला तं पाणकर पाळच फोडील," देवाजी म्हणाला. तो स्वतःबद्दल बोलत असल्यासारखं वाटलं, पण त्याचं जेवण कधी चुकलेलं मला माहीत नाही.

"मंग त्या एंझाइमले सुधारायची दवाई हाय का?" कुंतीनं विचारलं. ती पहिल्यांदा बोलली.

"त्याच्यासाठीच काम करून राहिलो, आजी. उंदरांत थोडं जमते. माणसाले अजून नाही. सध्या शुगर, बीपी धरून ठेवायचं, ती गोळी बंद, अन् पाणी."

मी सहज विचारलं. अगदी सहज. "तुम्ही त्या उंदरांले पाणी देता का?"

"म्हणजे काय आजी. पिंजऱ्याले बाटलीच लागलेली असते, रात्रंदिवस. पाणी तुटलं तं प्रयोग बाद. वर तपासणीवाले येतात, पिंजरा किती मोठा, कोपरा हाय का लपायले, सगळं पाह्यतात."

नागपूरच्या उंदराला शुगर दिली तर त्याच्या तोंडाशी बाटली लावतात. त्याला आडोशाचा कोपरा आहे का ते पाहायला माणूस येतो. आणि सगळ्या तालुक्याचा भात ज्या बायका रोवतात, त्या गुडघाभर पाण्यात तोंडात सुपारी धरून उभ्या. मला उंदरांचा राग नाही. उंदरांनी काय केलं.

मी केशवरावांकडे गेले. पहिला रोवणा त्यांच्याच बांधीत असतो. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत. वाईट माणसाला शिव्या देता येतात. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाई, पान्याचा कॅन तं मी दरसाल ठेवतो धुऱ्यावर," ते म्हणाले. "बायाच पीत नाहीत. तसाच भरलेला वापस येते."

"काहून वापस येते, कधी विचारलं?"

"आता ते... बायकांचं आपन काय विचारावं."

"तुमी तुमच्या धानाच्या ढिगावर ताडपत्री टाकता ना पाऊस आला तं? ते धान रोवणारीले चार बांबू अन् एक ताडपत्री लावून द्या. धुऱ्याच्या टोकाले. अन् त्या गोळ्या वाटू नका."

"गोळ्या तं मी भल्यासाठीच देतो. कंबर दुखते म्हणून."

"कंबर दुखते तं बसू द्या घडीभर. गोळी देऊन वाकवून कायले ठेवता?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कोनाले झालं काही?"

मी कुंतीचं नाव घेतलं नाही. पण निर्मलाबाईचं घेतलं. ताडपत्री लावतो म्हणाले.

गावात असं नाव न घेतलेलं फार चालत नाही. संध्याकाळपर्यंत कुंतीला कळलं. ती माझ्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"तुमी माहा रोग बांधीत नेला, बाई."

"रोग बांधीतूनच आला वं."

"उद्या लोक म्हनतील, कुंताबाईले जाऊ जाऊ होते म्हनून ताडपत्री बांधली. इतकी वर्षं किनारी धरली मी. एक दिवस रांग मोडली नाही."

"निर्मलानंही मोडली नव्हती."

ती गेली. रोवणा सुरू होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

रोवण्याच्या पहिल्या दिवशी मी धुऱ्यावर जाऊन बसले. माझ्या वयाच्या बाईला कोणी तिथे काय काम म्हणून विचारत नाही. निळी ताडपत्री चार बांबूंना बांधलेली होती, नवी कोरी. शेजारी पाण्याचा कॅन, वर स्टीलचा गिलास उपडा. बाया रांगेत वाकल्या. कुंती किनारीला, डोक्यावर पदर, हात सुईसारखे चालत.

चहापर्यंत कोणी उठलं नाही. चहा झाला, उभ्या उभ्या पिऊन पुन्हा वाकल्या. केशवरावांनी गोळ्या आणल्या नव्हत्या, त्यावर दोघीतिघी कुरकुरल्या. कॅन भरलेलाच. ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती आणि बाया तिच्याकडे पाहत नव्हत्या. जणू तिथे जाणारी ती बिमार, असं ठरून गेलं होतं. म्होरकी गेली नाही तर दुसरी कशी जाईल.

मी उठले. कॅनची तोटी उघडून गिलासभर पाणी प्यायले, सगळ्यांना ऐकू येईल असं. मग ताडपत्रीच्या आत जाऊन आले. कोणीतरी रांगेतून म्हणालं, "आजीनं उद्घाटन केलं." हसल्या. उठली कोणी नाही. कुंतीनं वरही पाहिलं नाही. तिचा ओठ पांढरा पडला होता हे मला धुऱ्यावरून दिसत होतं. मला वाटलं, जाऊन तिला बखोटीला धरून उभी करावी. दहा वर्षांपूर्वी केलंही असतं. आता चिखलात मीच पडले असते आणि मला काढायला टोळी लागली असती.

उन्ह वर आलं तेव्हा रांगेच्या मधोमध हर्षा सरळ उभी राहिली. सासू वाकलेली असताना सून उभी. तिनं हातातले परे खाली ठेवले, दोन्ही हात पाण्यात खळबळून धुतले आणि चालत धुऱ्याकडे आली. रांगेत मधे भगदाड पडलं. तिच्या डावीकडच्या बाया मागे सरकल्या, उजवीकडच्या थांबल्या, आणि रोवण्यात वाकडा बाक आला.

"कोन उठली?" कुंती वाकूनच ओरडली.

"मी, आई," हर्षा म्हणाली. "मले लागली."

"रांग सोडून?"

"लागली तं कुठं करू, रांगेत?"

ती ताडपत्रीच्या आत गेली. कुंती आता उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं आधी सुनेच्या मागच्या जागेकडे पाहिलं, मग रांगेत आलेल्या त्या वाकड्या बाकाकडे. सुनेपेक्षा त्या बाकानं तिचा जीव जास्त जळत होता, ते तोंडावर दिसत होतं. बाया खाली माना घालून थांबल्या होत्या.

"असं नाही चालत," कुंती म्हणाली. "एक उठली, एक बसली, अर्धी रांग पुढं, अर्धी मागं. लोक काय म्हनतील, कुंताबाईची बांधी म्हनतील हे? उठा. सगळ्या उठा. जायचं तं सगळ्या जा, प्यायचं तं सगळ्या प्या, अन् संगंच वाका."

"मले नाही लागली," एक म्हणाली.

"मंग पानी पे, म्हंजे लागल."

कॅनपाशी गर्दी झाली. एकच गिलास, म्हणून ओंजळीनंही प्यायल्या. कुंती शेवटी आली. तिनं गिलास भरला, माझ्याकडे पाठ केली आणि पूर्ण प्यायली. मग दुसरा. मग ताडपत्रीच्या आत गेली. बाहेर येऊन तिनं वाकडा झालेला पट्टा स्वतः उपटला आणि पुन्हा रोवून सरळ केला. हर्षाशी ती दिवसभर बोलली नाही. हर्षालाही त्याची काही घाई नव्हती.

त्या दिवसापासून तिच्या टोळीत एक बांधी संपली की सगळ्या एकदम उठतात. ही सोय म्हणून नव्हे, शिस्त म्हणून. जी उठत नाही तिला कुंती शिव्या देते.

रोवणा संपल्यावर साकोलीला पुन्हा तपासलं. फेस थांबलेला नाही. डॉक्टरीण म्हणाली, गेलेलं परत येणार नाही, पण वाढ थांबलेली दिसते, असंच चालू ठेवा. कुंतीनं मला बसमध्ये विचारलं, "आता तरी उतरला का तुमचा राग?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "माहाही नाही," आणि शेंगा सोलून माझ्या हातात ठेवल्या.

आता उन्हाळी धानाचा रोवणा चालू आहे. आज सकाळी टोळी तलावापलीकडच्या एका शेतात गेली, तिथला मालक नवा आहे. त्याला कुंतीनं ताडपत्री आधीच सांगितली होती. त्यानं हो म्हटलं आणि बांधली नाही. देवाजी तुडमाकडून येताना पाहून आला. कुंती अख्ख्या टोळीला घेऊन धुऱ्यावर बसली आहे. परे उपटून जुड्या बांधून बांधीत टाकलेले आहेत, उन्हानं मान टाकायला लागले आहेत, आणि मालक मोटरसायकलवर ताडपत्री बांधायला दोर शोधत गावात फिरतो आहे. देवाजी तिला म्हणाला, परे वाळतात, वाक आता. तर म्हणाली, "वाळू द्या. परे मालक उद्या दुसरे टाकतील."